शंकेखोरांची रूथ आत्या

रूथ आत्याची आणि माझी शेवटची भेट गोंदियाच्या दवाखान्यात झाली, आणि त्या भेटीतही ती एका शंकेखोराला उत्तर देत होती. सकाळची वेळ. नाकात ऑक्सिजनची नळी, आवाज अगदी खोल गेलेला. राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरने तिचे जोडलेले हात पाहिले आणि गमतीने विचारलं, आजी, देवाला सांगितलं का लवकर बरं कर म्हणून? सांगितलं, आत्या म्हणाली, त्याने तुम्हाला पाठवलं, आता तुम्ही घाईत निघू नका. डॉक्टर हसला. पण मग फाइल मिटून तो खरंच थांबला... पलंगाच्या कडेला टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, माझा काही या गोष्टींवर विश्वास नाही, पण खरं सांगा, तुम्हाला भीती नाही वाटत? आत्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. वर्गात एखाद्या पोराने चांगला प्रश्न विचारला की ती असंच पाहायची.

"वाटते ना थोडी," ती म्हणाली. "पण जिथं जायचं आहे तिथला माणूस ओळखीचा आहे."

 जाताना डॉक्टरने नळीचा पट्टा उगाचच सारखा केला. मी त्याच दिवशी नागपूरला परतले, कारण माझ्या कॉलेजात परीक्षा सुरू होत्या आणि आत्या म्हणाली होती की पोरींचे पेपर तपासायचे सोडून माझ्याजवळ बसून राहशील तर मी बोलणार नाही तुझ्याशी. पुढच्या आठवड्यात फुफाजींचा फोन आला. फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान जोसेफ, फोनवर कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत. "रूथ गेली. तू ये," एवढंच म्हणाले.

गोंदियाजवळच्या गोरेगावला तिच्या मातीला जी गर्दी झाली ती पाहून आमच्या ख्रिस्ती मंडळीचे नवे पाळकसाहेब चकित झाले. आमची मंडळी ती केवढी, सगळी मिळून एका बसमध्ये मावेल. पण दफनभूमीच्या कुंपणाबाहेर मोटरसायकली उभ्या होत्या, धानाच्या शेतातून सरळ आलेले लोक होते, तिचे जुने विद्यार्थी होते, नवेगाव बांधहून मासेमारीचं काम टाकून आलेलं एक अख्खं कुटुंब होतं. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी चर्चची पायरी चढली नव्हती. आणि सगळ्यांच्या पुढे, काठी टेकत, कटरे सर होते, जे देवच मानत नाहीत, कोणाचाच. मूठभर माती टाकण्याची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांनी आधी नातेवाइकांना बोलावलं. फुफाजींनी माती टाकली, मी टाकली, आणि मग फुफाजींनी मागे वळून कटरे सरांचा हात धरून त्यांना पुढे आणलं. मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. पण आला तो अभिमान... एवढा की मला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

आत्या जन्माची ख्रिस्ती. आमचे आजोबा प्रचारक होते, सायकलवरून गावोगाव जाणारे. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, गीतं, रविवारी शाळा. त्या रविवारच्या शाळेत लहान असताना आत्याने विचारलं होतं की देवाने सगळं केलं तर देवाला कोणी केलं. शिकवणाऱ्या बाईंनी तिला बाहेर उभं केलं. माझे वडील तिच्याहून लहान, ते रडत घरी सांगायला गेले. आजोबा आले, तिला हाताला धरून आत नेलं आणि बाईंना म्हणाले की हिच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर नाही येत म्हणा, पण बाहेर उभं करू नका, बाहेर उभी राहिलेली पोरगी बाहेरच राहील. हा प्रसंग आमच्या घरात इतक्यांदा सांगितला गेला की तो मी स्वतः पाहिला असं मला वाटतं. आत्या मात्र त्यात एक भर घालायची. घरी येताना तिने आजोबांना तोच प्रश्न विचारला आणि आजोबांनी सायकल ढकलत बराच वेळ विचार करून सांगितलं, ज्याला कोणी केलं नाही त्यालाच आपण देव म्हणतो. दुसऱ्याने केलेला असेल तर मग तो दुसराच देव. आत्याला ते पटलं की नाही माहीत नाही. पण प्रश्न विचारला तर बाप सायकल हळू करतो, हे तिला पटलं.

मोठी होऊन ती गणिताची शिक्षिका झाली आणि गोरेगावच्या शाळेत लागली. तिथे विज्ञान शिकवायला कटरे सर होते. पोवार शेतकरी घरातले, उंच, बोलायला रोखठोक, आणि सगळ्या देवांवर सारखाच राग असलेले. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडण्याआधी आत्या डोळे मिटायची. कटरे सर ते पाहून पहिल्याच आठवड्यात म्हणाले की मॅडम, गणिताच्या माणसाला हे शोभत नाही, आधी देव सिद्ध करा आणि मग जेवा. आत्या म्हणाली, सर, भूमिती कुठून सुरू होते? सिद्ध न केलेल्या गोष्टींपासून ना? कोणी कुठून सुरू करतो आणि तिथून कुठे पोचतो, ते बघू. तुम्ही कुठून सुरू करता? सर म्हणाले, जे दिसतं, मोजता येतं, तेवढंच खरं.

"हे वाक्य दिसलं का तुम्हाला कुठे?" आत्याने विचारलं. "मोजलं कशानं?"

खोलीत हशा झाला. सरही हसले, पण दुसऱ्या दिवशी तयारी करून आले. तिथून जो वाद सुरू झाला तो दोघं निवृत्त झाले तरी थांबला नाही. मधल्या सुट्टीत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत. मी शाळेत होते तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याकडे राहायला जायचे, आणि कटरे सर आले की मला आनंद व्हायचा, कारण मोठी माणसं एकमेकांवर न रागावता इतकी भांडू शकतात हे मी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं. फुफाजी वन खात्यात होते. ते वादात कधी पडले नाहीत. चहा करून आणायचे, खुर्चीत बसायचे आणि ऐकायचे.

आत्याची एक पद्धत होती. समोरचा माणूस शंका बोलला की ती आधी ती शंका स्वतः मांडायची, त्याच्यापेक्षा चांगली. येशू मेलेल्यातून उठला ही नंतर रचलेली गोष्ट आहे, असं सर म्हणाले की आत्या म्हणायची, तुम्ही फार हळू मारून राहिले सर, असं म्हणा ना, की शिष्य दुःखात होते, हरले होते, त्यांना तो उठायला हवाच होता, आणि माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसतं. सर म्हणायचे, हो, हेच. मग ती उत्तराकडे वळायची. गोष्ट रचायची असती तर त्या काळात पहिल्या साक्षीदार म्हणून बायका कोणी घेतल्या असत्या? बाईची साक्ष तेव्हा कोण धरत होतं? आपल्या गावात आजही पंचांच्या बैठकीत बाई बोलली तर तिच्या नवऱ्याकडे पाहतात. जो शिष्य एका दासीच्या प्रश्नाला घाबरून मी त्याला ओळखत नाही म्हणाला, तोच पुढे त्याच्यासाठी जीव द्यायला उभा राहिला, मधे काहीतरी झालं असेल ना? सर म्हणायचे, लोक खोट्यासाठीही मरतात. आत्या म्हणायची, खोटं आहे हे ठाऊक नसतं म्हणून मरतात, स्वतः बसून रचलेल्या खोट्यासाठी कोण मरतो? यावर सर चष्मा काढून पुसायला लागायचे. आणि तेव्हा, नेमकं जिंकायच्या वेळी, आत्या म्हणायची की यानेही सिद्ध काही होत नाही बरं का सर, मला एवढंच दाखवायचं होतं की मी डोकं घरी ठेवून प्रार्थनेला जात नाही.

हळूहळू तिच्याकडे इतर लोक येऊ लागले. आठवडी बाजाराच्या रस्त्यावर घर. बाजार करून दमलेली माणसं ओसरीवर टेकायची, पाणी मागायची, आणि बोलणं निघायचं. एकदा भाजीची पिशवी पायाशी ठेवून एका वयस्क शेतकऱ्याने विचारलेलं मला आठवतं, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या, मंग हा गोऱ्यायचा देव काऊन धरून राहिल्या?" आत्याला राग आला नाही. तिने त्याच्याच बोलीत विचारलं, काका, तो जन्मला कुठं ते तुमाले मालूम आहे का? आणि तिने सांगितलं. आपल्यासारख्याच उन्हाच्या देशातला, सुताराच्या घरचा पोरगा. परक्यांचं राज्य, परक्यांचे शिपाई, त्यांचा कर. त्याला मारलं ते इंग्रज साहेबासारख्याच राज्यकर्त्यांनी. गोरे लोक तर फार उशिरा आले त्याच्याकडे, आणि आल्यावर त्याचंच चित्र स्वतःसारखं काढून बसले. म्हातारा विचार करत राहिला. मग म्हणाला, हे आमाले कोनी सांगतलंच नाही. तो ख्रिस्ती झाला नाही. पण त्यानंतर दर बाजाराला थांबायचा, आणि मरेपर्यंत आत्याला वांगी आणून द्यायचा.

पण तिची खरी परीक्षा शंकेखोरांनी घेतली नाही, आमच्याच लोकांनी घेतली.

नवेगाव बांधला देवकाबाई नावाची एक ढिवर समाजाची बाई होती. नवरा तळ्यावर मासे धरायचा. त्यांची मुलगी रेखा आत्याच्या शाळेत शिकायला होती, गोरेगावला मामाकडे राहून. रेखाला सिकलसेल होता, आईबापांकडून रक्तात येणारा आजार. दुखणं उठलं की हाडं आतून कोणी ठेचतंय असं ती म्हणायची. आत्याने तिची तपासणी करून घेतली, गोळ्या सुरू झाल्या, आणि पोरगी बऱ्यापैकी शाळेत येऊ लागली. त्या हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, तळ्याकडच्या एका मोकळ्या शेतात बाहेरगावच्या एका उपदेशकाची सभा भरली. मोठा मंडप, जनरेटर, भोंगे. आमच्या मंडळीची माणसं पुढच्या रांगेत होती, कारण इतक्या मोठ्या सभेचं त्यांना अप्रूप होतं. मी तेव्हा नागपूरला पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत आले होते, आणि आत्याने नेलं म्हणून गेले होते. खरं सांगायचं तर उपासनेला जाणं मी तेव्हा सोडलंच होतं. भौतिकशास्त्र शिकत होते आणि आत्याच्या देवासाठी माझ्याकडे जागा उरली नव्हती.

उपदेशक सुरुवातीला चांगलं बोलला. मग आजाऱ्यांना पुढे बोलावलं. ज्याचा विश्वास पुरा आहे त्याला औषध लागत नाही, तो म्हणाला, गोळी घेणं म्हणजे देवावर संशय घेणं. स्टेजसमोर एक परात ठेवली होती. लोक खिशातून, पदरातून गोळ्यांची पाकिटं काढून तिच्यात टाकू लागले. आणि त्या ओळीत आम्हाला देवकाबाई दिसली, रेखाचा हात धरून.

आत्या उठली. ती धावली नाही. धसकटांवर अंथरलेल्या ताडपत्रीवरून ती एकेक पाऊल टाकत पुढे गेली, परातीतून रेखाचं पाकीट शोधून काढलं आणि देवकाबाईच्या हातात परत ठेवलं. मी पाठोपाठ गेले होते, म्हणून मला नीट ऐकू आलं. "देवका, गोळ्या बंद करजो नोको. देव खरा आहे, म्हनून त्याले हा तमाशा लागत नाही." स्वयंसेवक तिला बाजूला घ्यायला आले. उपदेशकाने भोंग्यातून सांगितलं की या बहिणीमध्ये शंकेचा आत्मा आहे, तिच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करावी. सगळा मंडप आमच्याकडे पाहत होता. पुढच्या रांगेतले आमचे लोक जमिनीकडे पाहत होते.

आत्या वळली आणि वर स्टेजकडे पाहून म्हणाली, "शंका आहे मला. पण तुमच्यावर. त्याच्यावर नाही."

तिच्याकडे माइक नव्हता. पण वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो. परातीजवळच्या आणखी दोन-तीन बायांनी वाकून आपापली पाकिटं उचलली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

याची किंमत तिला द्यावी लागली. मंडळीच्या पंचकमिटीने बोलावून घेतलं. चारचौघांत देवाच्या सेवकाचा अपमान केला, म्हणाले. रविवारची शाळा, जी ती लग्न होऊन आल्यापासून चालवत होती, तिच्याकडून काढून घेतली. बाहेर उभं न राहता आत बसून प्रश्न विचारायला तिने किती मुलांना शिकवलं होतं... आणि आता तिलाच दाराजवळच्या बाकावर बसायला लागलं. तिने मंडळी सोडावी असं मला वाटलं. मी तसं बोलले. ती म्हणाली, घरातली माणसं चुकली तर कोणी बाप बदलत नाही.

कटरे सरांना ही हकिगत कळली तेव्हा ते घरी आले आणि त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही. गोंदियाला अंधश्रद्धेविरुद्ध एक कार्यक्रम होता, तिथे आत्याने बोलावं अशी त्यांनी विनंती केली. आमच्या मंडळीने आधीच तिला नास्तिकाची मैत्रीण ठरवलं होतं, तरी ती गेली. सभागृह भरलं होतं. तिने परातीची गोष्ट सांगितली, टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली की देवाच्या नावावर जो कोणी लोकांना फसवतो, मग तो माझ्या धर्माचा का असेना, त्याला उघडं पाडायला मी तुमच्या सोबत आहे. पण तुम्ही इथून देवच नाही असं ठरवून उठणार असाल तर थांबा, बोगस बियाणं निघालं म्हणून आपल्या भागात कोणी धान लावायचं सोडलं का? या वेळी टाळ्या कमी पडल्या. मागून कोणीतरी काही ओरडलं. पण कटरे सर, जे या वाक्याशी मुळीच सहमत नव्हते, पहिल्या रांगेत बसून जोराने टाळ्या वाजवत होते. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "अगं, माझ्या सभेत येऊन माझ्याच लोकांना ऐकवून गेली ती. तिथं गप्प बसणं सोपं होतं. तिच्या चर्चमधेबी सोपं होतं. ही बाई गप्प नाही बसली, दोन्ही जागी नाही."

परातीतली गोळी परत मिळाली तरी त्या वर्षी रेखाला मोठं दुखणं आलंच. तिला भरती केलं तेव्हा आत्याबरोबर मी गेले. देवकाबाई वॉर्डाच्या बाहेर फरशीवर बसली होती. आत्या तिच्या शेजारी खालीच बसली. देवकाबाईने तिला विचारलं, "बाई, देवानं माह्याच पोरीच्या रक्तात हे काऊन घातलं? तुमाले सारं येते. सांगा ना." मी वाट पाहत राहिले. माझाही प्रश्न तोच होता. नागपूरच्या होस्टेलमध्ये बसून मी मोठमोठ्या शब्दांत तोच विचारत होते. आणि ज्या बाईला मी आयुष्यात कधी अडलेलं पाहिलं नव्हतं ती म्हणाली, "मले मालूम नाही, देवका." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने ते पुसलंही नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, रेखाचं कण्हणं कमी होईपर्यंत.

परत येताना एसटीत मी तिला म्हटलं, कटरे सरांना तू या प्रश्नाची कितीतरी उत्तरं दिली आहेस, मग तिला का नाही दिलंस? आत्या खिडकीतून बाहेर पाहत होती. म्हणाली, सर विचार करायला विचारतात. देवका दुखतं म्हणून विचारत होती. दुखणाऱ्याला उत्तर फेकून मारलं तर त्या उपदेशकात आणि माझ्यात फरक काय राहिला? मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहताच, तिने जे सांगितलं ते मी आजवर जपलं आहे. "मला सगळं कळतं म्हणून मी विश्वास ठेवत नाही गं. एवढंच कळतं की माझा देव दुखण्याच्या बाहेर उभा राहून समजावत बसला नाही. तो आत शिरला. वधस्तंभापर्यंत आत शिरला. असा दुसरा कोणी दाखव, मी त्याचं ऐकेन."

मी काही त्या बसमधून उतरले आणि चर्चमध्ये गेले असं झालं नाही. पण बंद केलेलं दार मी पुन्हा ढकलून पाहिलं. मग बरीच वर्षं प्रश्न घेऊन तिच्याकडे येत राहिले, रागाने, रडत, कधी नुसतंच चिडवायला. आज मी भौतिकशास्त्र शिकवते आणि रविवारी उपासनेलाही जाते, आणि दोन्हीकडे मला ओशाळं वाटत नाही. हे तिचं देणं आहे.

गेल्या काही वर्षांत हवा बदलली. एका दुपारी काही तरुण मोटरसायकलींवरून ओसरीपुढे आले. त्यांच्या बोलण्यात जरब होती. बाई इथे लोकांचं धर्मांतर करते असं कानावर आलंय, म्हणाले, किती लोकांना बाटवलं आतापर्यंत? फुफाजी खुर्चीतून उठून उभे राहिले. मी फोन हातात घेतला. आत्याने शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिथे कटरे सर पेपर वाचत होते. "यांना विचारा," ती म्हणाली. "नोकरीला लागले तेव्हापासून यांच्याशी बोलून राहिली. हा एकच माणूस हलवून दाखवला असता तरी खूप होतं." सरांनी चष्मा वर करून त्या तरुणांकडे पाहिलं. त्यातले दोघं त्यांचे विद्यार्थी निघाले. मी आहे तसाच आहे बाबांनो, सर म्हणाले, आणि मी पोवाराचा पोर आहे, मला कोण बाटवते. पोरं हसली, ताण थोडा उतरला. पण आत्याला हसण्यावारी न्यायचं नव्हतं. तिने त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि स्पष्ट सांगितलं की माझ्याकडे ऐकून कोणी स्वतःच्या मनाने येशूला मानलं तर मला आनंद होईल, तो मी लपवणार नाही. पण ओढून आणलेला माणूस देवाकडे येत नसतो, माझ्याकडे येतो, आणि मला माझ्याकडे कोणी नको. त्यातला एक जण जाताना म्हणाला की बाई, तुम्ही घाबरत नाही. मी मनात म्हटलं, बाबा, तू तिला त्या मंडपात पाहायला हवं होतंस.

आता तिला जाऊन काही आठवडे झाले. परवा मी गोरेगावला गेले. फुफाजी समोरच्या खोलीत होते, कटरे सर नेहमीसारखे आले होते, आणि रेखा आली होती. रेखा आता स्वतः एका दवाखान्यात नर्स आहे. लग्नाआधी तिने नवऱ्याची रक्ततपासणी करून घेतली होती आणि त्याचं श्रेय ती आत्याच्या गणिताला देते, कारण आजार मुलांत उतरण्याची शक्यता आत्यानेच तिला मांडून दाखवली होती. तिचा नवरा, संदीप, मातीला येऊ शकला नव्हता, म्हणून भेटायला आला होता. शांत मुलगा. बायको ज्या बाईंचं नाव घेते त्यांना ऐकायचं राहून गेलं, म्हणाला. मग संकोचत त्याने फुफाजींना विचारलं की काका, बाईंचा देव खरा कशावरून?

आम्ही सगळे गडबडलो. फुफाजींना असं कधी कोणी विचारलंच नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण फुफाजींनी हात वर केला.

ते थांबत थांबत बोलले. रविवारची शाळा काढून घेतली त्या वेळी मंडळीतली एक बाई रूथबद्दल फार वाईट बोलली होती, म्हणाले, इतकं की ते शब्द मी आज उच्चारत नाही. रूथ घरी येऊन भांडी आपटायची. फार रागीट होती ती, तुम्हाला माहीत नाही. पुढे त्या बाईला लकवा झाला. सुना पाहीनात. तर रूथ सकाळी शाळेच्या आधी जाऊन तिचे केस विंचरून यायची, तिला जेवू घालायची, ती बाई जाईपर्यंत. कोणाला सांगितलं नाही. या सरांनाही नाही. मी एकदा चिडून विचारलं, काऊन जातेस? तर म्हणाली, मला नाही जावंसं वाटत, जोसेफ, तो नेतो.

कटरे सर खाली मान घालून ऐकत होते. त्यांना खरंच हे माहीत नव्हतं.

"मले वाद येत नाही, बाबू," फुफाजी म्हणाले. "मी तिच्यासोबत राहिलो. तिचा स्वभाव मले मालूम होता. ते काम त्या स्वभावाचं नव्हतं. कोनीतरी नेत होतं तिले. मी एवढंच पाहिलं, एवढंच सांगतो."

रेखाने डोळे पुसले. फुफाजी उठले आणि चहा ठेवायला आत गेले. कटरे सर आतल्या दाराकडे पाहून जरा मोठ्याने म्हणाले, "जोसेफ, याच्यानं सिद्ध काही होत नाही बरं का."

"बसा," आतून फुफाजींचा आवाज आला. "येऊन राहिलो."